महबूबचा खुराक

४ फेब्रुवारी १९३५, सोमवार

सुताच्या दलालानं नवीन वर्षाला दिलेली ही डायरी महिनाभर तशीच पडून होती. जानेवारीत लिहिण्यासारखं काही घडलंच नाही. सोलापुरात गड्ड्याची जत्रा झाली, बायकोनं, गोजरबाईनं, बांगड्या भरल्या, मी मिलच्या विणकाम खात्याचा जॉबर, म्हणजे मुकादम, रोजच्यासारखी माणसं हाकली. पण काल फुटबॉलच्या ढालीचा पहिला सामना झाला आणि आज लिहिल्याशिवाय राहवत नाही.

आमच्या मिलनं पोलिसांना दोन गोल मारले. दोन्ही महबूबनं. हा गडी माझ्याच खात्यात बदलीवर आहे. रोज सकाळी भोंग्याच्या आधी बदलीवाले दरवाज्यावर उभे राहतात. जितके कायमचे कामगार गैरहजर, तितक्यांच्याकडं मी बोट करतो. बोट केलं तो आत, बाकीचे घरी. असा हा बदलीवाला काल अनवाणी पायांनी मुरमाच्या मैदानात असा पळाला की पोलिसांचे बॅक नुसते एकमेकांकडं बघत राहिले.

पण आमचे खेळाचे मास्तर ईश्वरप्पा यांच्या तोंडावर हसू म्हणून नाही. हा अक्कलकोटकडचा माणूस, पलटणीत हवालदार होता, तिथं गोऱ्यांकडून फुटबॉल शिकला म्हणे. मॅनेजरसाहेबांनी त्याला टीमवर नेमलंय. त्याची एक खोड मला सोसत नाही. टीम आधी सांगायचीच नाही. सामन्याच्या तोंडावर सगळ्यांना मैदानाभोवती एक फेरी पळवायचं आणि बाजारात शेरडं निवडावीत तसे अकरा जण निवडायचे. खायला काय, तर गुळाचा खडा आणि अर्धं लिंबू. माझी उमेदीची वर्षं नातेपुत्याच्या तालमीत गेली. आमचे वस्ताद पैलवानाला गुळाच्या खड्यावर आखाड्यात उतरवायचे नाहीत.

सामना झाल्यावर मिलसमोरच्या बडेसाबच्या चहाच्या दुकानात सगळ्यांना मी चहा सांगितला. बडेसाबनं बाकीच्यांना मलईचा दिला आणि महबूबपुढं न विचारताच काळा चहा ठेवला. दुधाचा थेंब नाही. गडी तोच फुंकून फुंकून प्याला. माझ्या काळजात चर्र झालं. आठवड्यातून दोन-तीन दिवस काम, घरी अमिना म्हणून म्हातारी आई, दुधाची चैन त्याला कुठून जमणार. सदरा घामानं अंगाला चिकटला होता आणि बरगड्या दिसत होत्या. मी काही विचारलं नाही. विचारायचं काय, दिसतच होतं.

मी ठरवलं आहे. महबूबचा खुराक आता माझ्याकडं. घरी म्हैस कशाला ठेवलीय.

७ फेब्रुवारी, गुरुवार

आज पाळी सुटल्यावर महबूबला घरी आणलं. गोजरबाईनं दूध आटवून तयार ठेवलं होतं. त्यात साजूक तूप, वाटलेले बदाम, खसखस, साखर. वास घेऊनच अंगात बळ यावं असं.

आमच्याकडं मुसलमान माणसासाठी कपबशी वेगळी असते, ओसरीच्या कोनाड्यात पालथी. गोजरबाई तीच आणायला उठली. मी म्हटलं, राहू दे, आणि माझ्या स्वतःच्या पितळी तांब्यात दूध भरून त्याच्या हातात दिलं. महबूब तांब्याकडं बघतच राहिला.

"मालक, मी नंतर पितो की. आत्ताच जेवलोय."

"लाजतोस काय? माझ्या तांब्यातनं प्यायला तुला परकं वाटतंय?"

"न्हाई न्हाई, मालक. तसं न्हाई." आणि एका दमात प्याला. त्याच्या डोळ्यांत पाणी आलं. दारात चपला घालायला वाकला, तो बराच वेळ तसाच वाकून राहिला. भरून आलं असणार बिचाऱ्याला. आजवर कुणी एवढं केलं नसेल.

गोजरबाई म्हणाली, "त्याला दूध नको हुतं वाटतं." बायकांना गड्याच्या खाण्यातलं काय कळतंय. मी तिला सांगितलं, आता रोज.

११ फेब्रुवारी, सोमवार

माझ्या अंगाचा तिळपापड झाला आहे. काल रात्री नीट जेवलोसुद्धा नाही.

काल दुसरा सामना होता. तीन दिवस सलग दूध पाजलेलं, काल चार वाजता मैदानावर जाता जाता पुन्हा तांब्याभर, तूप जरा जास्त. मी स्वतः त्याला हाताला धरून मैदानापर्यंत नेलं. आणि या ईश्वरप्पानं त्याला घेतलंच नाही. फेरी पळवली, महबूब शेवटी आला एवढ्यावरून. अहो, पोलिसांना ज्यानं लोळवलं त्याला बाहेर बसवायचं? त्याच्या जागी घेतला कोण, तर कुंडलिक. हाही माझ्याच खात्यातला बदलीवाला, वैरागकडचा. गुणी आहे, पण चेंडू आला की त्याला आधी आश्चर्य वाटतं.

जिंकलो आम्ही. कुंडलिकच्या पाठीला लागून चेंडू आत गेला. त्याला गोल म्हणायला माझी जीभ रेटत नाही. लोक नाचत होते आणि मी हात चोळत उभा होतो.

सामना संपल्यावर ईश्वरप्पाला गाठलं. म्हटलं, मास्तर, हा काय न्याय?

तो कानडी वळणानं म्हणाला, "एनु हिंदुराव, जिंकलो की आपण."

"महबूब का नाही?"

"गडी पोट धरून पळतोय. भारी झालाय त्यो. मी इचारलं काय खाल्लं, तर काय बोलंना."

भारी झालाय म्हणे. माझ्या खुराकानं चार दिवसांत अंग धरलं म्हणायचं ते सोडून, याला ते खुपतंय. त्याला वाटत असेल, गडी याच्या गुळानं वाढायला पाहिजे होता, हिंदुरावाच्या दुधानं कसा वाढला.

१४ फेब्रुवारी, गुरुवार

शेजारची बजाबाई गोजरबाईला सांगत होती की काल महबूब आमच्याकडून निघाला आणि उकिरड्यामागं जाऊन भडाभडा ओकला. मला ऐकूनच कळलं. पोलिसांच्या सामन्यात अख्ख्या सोलापुरानं त्याच्याकडं डोळे लावले होते, दृष्ट लागल्याशिवाय राहील कशी. गोजरबाईला सांगितलं, उद्या तो आला की मीठ-मिरच्या ओवाळून टाक. ती काहीतरी म्हणणार होती, मग मिरच्या काढून ठेवायला आत गेली.

ओकल्यावर अंगातली ताकद जाते. उद्यापासून दूध दीडपट.

२० फेब्रुवारी, बुधवार

बडेसाबच्या दुकानात दुसरा विषय नाही. सगळ्यांचं एकच मत, ईश्वरप्पा टीम बुडवणार. कुणी म्हणतो त्याला महबूबचा राग आहे, कुणी म्हणतो त्याला पलटणीसारखी माणसं पाहिजेत, हुकमावर डावं-उजवं पाऊल टाकणारी. मी म्हटलं, आपण उन्हातान्हात घसा फोडून ओरडतो, आपल्याला विचारायचा हक्क नाही? मास्तरानं जाब द्यायला पाहिजे. खेळाडूनंही द्यायला पाहिजे. ज्याचं त्यानं निस्तरायचं.

एकटा बडेसाब गप्प होता. मी विचारलं, तुझं काय म्हणणं? कपबशा विसळत म्हणाला, "जॉबरसाब, पोरगं लई भिडस्त हाय. कुणाला न्हाई म्हणत न्हाई त्यो." याचा फुटबॉलशी काय संबंध.

महबूबला आज माग चालू असताना सांगून टाकलं, ढाल आणलीस की तुला कायमचे दोन माग देतो. बदली संपली.  "आईला सांगू का, मालक?" म्हणाला. मी म्हटलं, खुशाल सांग.

२५ फेब्रुवारी, सोमवार

काल रेल्वेच्या स्टेशनवाल्यांबरोबर सामना. आपण जिंकलो, दोनास एक, आणि फायनलला पोचलो. पण जे बघितलं त्यानं तळपायाची आग मस्तकात गेली.

दोन बॅकांपैकी एक तापानं पडला, म्हणून ईश्वरप्पाला महबूबला घेणं भाग पडलं. घेतला, तो मागं उभा केला. बॅक म्हणून. सशाला दावणीला बांधावं तसा. वर सगळ्यांदेखत सांगतो, "पुढं पळू नको, हितंच थांब, जमेल तेवढंच कर." जमेल तेवढंच. ज्याला मी सकाळ-संध्याकाळ तूप पाजतोय त्याला.

मग व्हायचं तेच झालं. हाफ टाइमनंतर स्टेशनवाल्यांचा एक काटकुळा फॉरवर्ड आला आणि महबूबच्या बाजूनं निघून गेला. महबूब गुडघ्यावर हात टेकून वाकलेला. गोल. त्या वेळी आमच्याच लोकांनी त्याला आईवरून शिव्या घातल्या. कुणीतरी चिंचेचं बुटूक फेकून मारलं. मी त्या माणसाच्या कानाखाली वाजवली. पण नंतर मलाही महबूबचाच राग आला, खोटं कशाला लिहू. उभं राहून गोल बघायचा म्हणजे काय?

वाटेत त्याला थांबवून विचारलं, "काय झालं तुला?"

"चूक माजी हाय, मालक."

"चूक तुझी नाही. चूक त्या मास्तराची आहे. तुला मागं का ठेवला?"

 मी म्हटलं, उद्या ये, जास्त करून ठेवतो. "व्हय मालक," म्हणाला. या गड्याचं एक मला आवडतं, उलटून बोलत नाही.

२७ फेब्रुवारी, बुधवार

सूतकताईचा जॉबर, रंगखात्याचा जॉबर आणि मी, तिघं मॅनेजरसाहेबांकडं गेलो. साहेब म्हणाले, आपण तर जिंकतोय ना? मी म्हटलं, साहेब, जिंकतोय पण कसं, ते बघायला लोकांना लाज वाटते. साहेबांना ते पटेना. मग मी म्हटलं की खात्याखात्यांत कुरबुर वाढली आहे. कुरबुर हा शब्द साहेबांना सोसत नाही, गेल्या वर्षीच्या संपापासून. चष्मा काढून पुसत म्हणाले, बघतो.

१ मार्च, शुक्रवार

आज ईश्वरप्पा माझ्या घरी आला होता. मी ओसरीवर बसलेलो, हा समोर येऊन उभा. बस म्हटलं तर बसला. गोजरबाईनं पाणी आणून दिलं.

त्यानं म्हशीकडं बघितलं. मग म्हणाला, "चांगली हाय म्हस. किती देती?"

"फायनलपुरतं देती," मी म्हटलं.

"हिंदुराव, सामन्याच्या आदी गड्याच्या पोटात काय पायजे न्हाई. कुस्ती घटकाभराची असती, हितं तासभर पळायचं हाय. फायनल होईतो दूध बंद ठेवा."

मी म्हटलं, उपाशी बैल औताला कोण जुंपत नाही, मास्तर. तुम्ही गोऱ्यांचं शिकलात, आम्ही लाल मातीचं. आणि गड्याला नको असतं तर तो बोलला असता.

तो म्हणाला, "त्यो तुमाला न्हाई म्हणू शकत न्हाई. म्हणून मी आलोय."

"म्हणजे?"

"म्हणजे काय सांगू. टीमवरनं मला काडायचं तर काडा. मी काय बोलणार न्हाई साहेबाला. पर त्या गड्याला सोडा."

मला असला राग आला. मी काय महबूबला कोंडून ठेवलाय? स्वतःच्या पोराला करावं तसं मी त्याचं करतोय. पोटात दुखतंय याच्या, दुसरं काय. मी उठून उभा राहिलो आणि म्हटलं, पाणी झालं असेल तर या. गेला. गोजरबाई दारात उभी राहून ऐकत होती, ती पण आत गेली आणि भांडी जरा जोरात आपटली.

४ मार्च, सोमवार

ईश्वरप्पाला काढलं. फायनलपुरती टीम माझ्याकडं. साहेबांनी बोलावून सांगितलं. खात्यातल्या लोकांनी माझ्या गळ्यात हार घातला, बडेसाबच्या दुकानात पेढे वाटले.

ईश्वरप्पा साहेबांपुढं खरंच काही बोलला नाही. आपली शिट्टी तेवढी टेबलावर ठेवून गेला म्हणे. बोलण्यासारखं होतं काय त्याच्याकडं.

मी आजच टीम जाहीर केली. फेरीबिरी बंद. महबूब मधला फॉरवर्ड. कुंडलिक बाहेर. महबूबला सांगितलं तेव्हा तो म्हणाला, "मास्तर परत येणार न्हाईत का?" मी म्हटलं, तुझी सुटका केलीय मी, काळजी करू नको.

११ मार्च, सोमवार

काय लिहू. 

काल फायनल, पलीकडच्या मिलबरोबर. ऊन असं की मैदानातून वाफा निघत होत्या. सकाळी महबूबला एकदा पाजलं, चार वाजता पुन्हा. फायनल म्हणून पिस्तेसुद्धा. तांब्या अर्धा झाला तेव्हा त्यानं माझ्याकडं बघितलं. मी म्हटलं, संपव, ढाल आणायचीय. त्यानं संपवला.

सुरुवातीला एकदाच पळाला. एकदाच, पण तीन जणांना मागं टाकून, आणि चेंडू खांबाला लागून परत आला. अख्खं मैदान उभं राहिलं. मला वाटलं, झालं, आता हा थांबत नाही. आणि तिथूनच थांबला. हात बरगडीखाली. चेंडू जवळून जातोय आणि हा बघतोय. पलीकडच्यांनी एक मारला, दुसरा मारला. मी बाहेरून ओरडून ओरडून घसा बसवला.

हाफ टाइमनंतर एकदा समोर गोल मोकळा. गोलकीपर पडलेला. महबूबच्या पायात चेंडू. नुसता ढकलायचा होता. तो थांबला, वाकला आणि तिथंच ओकला. लाल मुरमावर सगळं पांढरं.  मग पलीकडच्यांच्यातला एक जण हसला, मग सगळेच. रेफ्रीसुद्धा तोंड फिरवून उभा राहिला.

तीन गोल खाल्ले. ढाल गेली. परत येताना आमचेच लोक म्हणत होते, विकला गेला, पलीकडच्यांनी विकत घेतला. मी कुणाला गप्प केलं नाही. विकला गेला असेल-नसेल, पण मला तोंड दाखवायला जागा ठेवली नाही. एवढा खुराक, एवढा जीव, माझ्या तांब्यातलं दूध, आणि ते मातीत घालून मोकळा. अंगी लागायचं तर मनात पाहिजे. ईश्वरप्पानं त्याच्या मनात भीती घालून ठेवलेली, तिनंच घात केला.

१२ मार्च, मंगळवार

सकाळी दरवाज्यावर बदलीवाले उभे होते. महबूब पुढंच होता. डोळे खोल गेलेले. सहा माणसं पाहिजे होती. माझं बोट त्याच्यावरून पुढं गेलं.

मी म्हणत होतोच, ज्याचं त्यानं निस्तरायचं. मास्तरानं जाब दिला, आता खेळाडूनं द्यावा. लोकांनाही दिसलं पाहिजे की हिंदुराव स्वतःच्या माणसालाही सोडत नाही. सगळ्यांनी बघितलं. कुणीतरी शाबासही म्हणालं.

१६ मार्च, शनिवार

महबूब रोज उभा राहतो. मी रोज दुसऱ्यांकडं बोट करतो. आज त्यानं मान खाली घातली नाही, सरळ माझ्या बोटाकडं बघत होता. मला वाटलं, येईल आणि माफी मागेल, मग घेईन आत. त्याला दोन शब्द बोलायला काय जड आहे?

दूध फार उरतंय. गोजरबाईनं खवा करायला घेतला.

१९ मार्च, मंगळवार

आज महबूब दरवाज्यावर नव्हता. बडेसाबला विचारलं. म्हणाला, "पलीकडच्या मिलमदी लागला. मास्तरांनी लावला."

ईश्वरप्पाला पलीकडच्यांनी टीमवर ठेवून घेतलंय. मला अगोदरच ठाऊक होतं, हे दोघं आतून एक होते. लोक म्हणत होते ते खोटं नव्हतं.

२५ मार्च, सोमवार

होळीनंतर पलीकडच्यांनी आमच्या टीमला साध्या सामन्याला बोलावलं. काल गेलो. जायला नको होतं.

सामन्याच्या आधी ईश्वरप्पानं त्याच्या लोकांना फेरी पळवली. महबूब सगळ्यांच्या पुढं. मग सगळ्यांना गुळाचा खडा दिला, अर्धं लिंबू दिलं. महबूब लिंबू चोखत हसत होता. या दीड महिन्यात मी त्याला हसताना बघितलेलं नाही.

त्यानं आमच्यावर तीन गोल मारले. पोलिसांच्या सामन्यात पळाला होता तसाच पळाला, कुठं थांबला नाही, कुठं वाकला नाही. आमचे लोक आधी शिव्या देत होते, तिसऱ्या गोलाला त्यांच्यातल्याच काहींनी टाळ्या वाजवल्या. माझ्या डोक्यात नुसता घण पडत होता.

सामना संपल्यावर मी सरळ त्याच्यापुढं जाऊन उभा राहिलो. म्हटलं, "दुधाला जागला नाहीस. माझ्यासाठी ओकायचं आणि यांच्यासाठी पळायचं? पोटच्या पोराला करत नाही कुणी एवढं तुझं केलं. सांग मला, काय कमी केलं?"

लोक जमले. ईश्वरप्पा पुढं यायला लागला, महबूबनं त्याला हातानं थांबवलं. हळूच बोलला, कुणाला ऐकू जाऊ नये असं.

"मालक, मला दूध पचत न्हाई. ल्हानपणापास्नं. वास आला तरी पोटात कळ येती."

"खोटं बोलतोस. मग नको म्हणायचंस की मला. तोंड नव्हतं तुला?"

"दरवाज्यात बोट तुमचं हुतं, मालक."

एवढंच म्हणाला. आवाज चढवला नाही. मग म्हणाला, "तुमचा तांब्या दिला तुमी, त्ये मी इसरणार न्हाई. आईला बी सांगितलंय." आणि गेला.

 बोटाचा आणि दुधाचा काय संबंध? माझं बोट काय दूध पाजत होतं? मी एकदा तरी म्हटलं होतं का, प्याला नाहीस तर काम देणार नाही? एकदा तरी? सगळ्या वाटेनं मी हेच म्हणत आलो.

२६ मार्च, मंगळवार

गोजरबाईला सगळं सांगितलं. ती भाकरी थापत होती. म्हणाली, "मी पयल्याच दिवशी म्हटलं हुतं, त्याला नको हाय. बजाबाईनं बी सांगितलं. तुमी दृष्ट काडाय लावली."

मी म्हटलं, मग तू जोर देऊन का नाही सांगितलंस?

तिनं भाकरी तव्यावर टाकली. "तुमाला?" म्हणाली.

मी जेवण अर्धं टाकून उठलो.

बडेसाबकडं गेलो. त्याचा तो काळा चहा मला आठवला. विचारणार होतो, तुला ठाऊक होतं तर बोलला का नाहीस. पण त्याचं दुकान मिलच्या जागेवर आहे आणि ती जागा मीच साहेबांना सांगून त्याला मिळवून दिलेली. माझ्यापुढं चहा ठेवून तो उभा राहिला, अजून काय पाहिजे म्हणून. मी न विचारताच परत आलो.

१ एप्रिल, सोमवार

आठवडा झाला, राग उतरत नाही. आधी वाटलं महबूबवर आहे, मग ईश्वरप्पावर. खात्यात कुणाचं सूत तुटलं तरी मी खेकसतोय.

आज मनाशी म्हटलं, दुधात खोट नव्हती, गड्याच्या पोटात खोट होती. दाखवून देतो. पुढच्या वर्षीची ढाल काही लांब नाही. कुंडलिकला घरी बोलावलं. गडी दांडगा आहे, सात पिढ्या दूध-दुभत्यात गेलेल्या. गोजरबाई दूध आटवायला तयार नव्हती, मीच चुलीपुढं बसलो. तूप घातलं, बदाम घातले, तांब्या भरून पुढं केला.

त्यानं दोन्ही हात पुढं केले आणि माझ्या तोंडून निघून गेलं, "कुंडलिक, तुला दूध पचतं ना रे?"

"व्हय मालक."

"खरं सांग. नको असेल तर सरळ नको म्हण. मी काही म्हणणार नाही."

तो माझ्याकडं बघत राहिला, मग दारात उभ्या गोजरबाईकडं, मग तांब्याकडं. कुणी सापळा लावलाय की काय असं त्याचं तोंड झालं.

"न्हाई मालक, लई आवडतं की मला."

"नक्की?"

"व्हय व्हय, मालक." आणि एका दमात प्याला. तोंड पुसलं, तांब्या जपून खाली ठेवला आणि दारात चपला घालायला वाकला.

मी त्याच्या पाठीकडं बघत उभा राहिलो. महबूबपेक्षा लवकर ताठ झाला की उशिरा, ते मला सांगता येणार नाही. दोनदा विचारलं, दोनदा व्हय म्हणाला. आणि उद्या सकाळी भोंग्याच्या आधी तो दरवाज्यावर येऊन उभा राहणार आहे. आता या व्हयचं मी करू काय.